साडेपाचच्या आत चहापान

कोटाला पडलेलं भोक ती असं बुजवायची की मालकालाही सापडू नये, म्हणून सगळे तिला रफूमावशी म्हणत. नवरा लवकर गेला, मागे एक पोरगी. गुणाची हो, पण बाराव्या वर्षापासून तिला फिट यायची. दमली, जागरण झालं, डोळ्यांवर लखलखीत उजेड आला की पहाटे हमखास. अंग ताठ, दातखीळ, आणि तिला कुशीवर वळवायला शेजारी कुणीतरी जागं हवंच. पंधरा वर्षं मावशीला धड झोप म्हणून ठाऊक नव्हती.

लग्न ठरलं तेव्हा मात्र तिनं याबद्दल ब्र काढला नाही. "सांगू या ना, आई," पोरगी तीनदा म्हणाली.

"सांग आणि बस घरात जन्मभर!" मावशी खेकसली. "एकदा लग्न होऊ दे. मग कळलं तर कळलं, बघेल तो. रात्री शेजारी हक्काचं माणूस असलं की झालं. मी काय जन्माला पुरणार आहे?"

चूक म्हणाल तर सगळंच चूक. पण अलीकडे जिना चढताना तिच्या छातीत कळ यायची, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आपल्यामागे पोरीला रात्री कोण बघणार, या एका काळजीनं तिला पोखरलं होतं.

मग तिनं बेत आखला. सकाळी नोंदणी, दुपारी चारला शाळेच्या हॉलमध्ये चहापान. जेवणावळ नको, म्हणजे रात्र व्हायला नको. चहा, केक, बिस्किटं. नवरानवरीनं स्टेजवर खुर्चीत बसायचं, पाहुण्यांनी रांगेनं येऊन भेटायचं आणि चहाकडे वळायचं. गाणीबजावणी बंद. फोटोवाल्यानं फ्लॅश मारायचा नाही, हे तर तिनं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. साडेपाचला हॉल रिकामा, साडेसहाला पोरगी अंथरुणात.

मुलाकडचे नाक मुरडतील म्हणून ती दहा कारणं पाठ करून गेली होती. विहीणबाई पहिल्या कारणालाच म्हणाल्या, "चहापानच बरं. उजेडी आटपलं तर फारच बरं."

"किती समजूतदार माणसं!" म्हणत मावशी घरी आली. अहो, मुलाकडची माणसं कधी इतक्या पटकन मान डोलावतात? दुसऱ्याच्या कपड्यातला उसवलेला धागा लांबून हेरणारी बाई, पण त्या दिवशी तिला काही म्हणता काही खटकलं नाही.

लग्नाच्या दुपारी सगळं कसं घड्याळाबरहुकूम चाललं होतं. पोरगी हसत होती, जावई हसत होता. पाऊण तास झाला आणि फोटोवाला कुरकुरला, "मावशी, फ्लॅश नको म्हणता, आणि मागच्या खिडक्यांच्या उजेडानं चेहरे काळे येतायत." मावशीनं फ्लॅशला पुन्हा नाही म्हटलं. मग त्यानं भराभर सगळे जाड पडदे ओढले.

हॉल अंधारला, पण इतकाही नाही. माणसं दिसत होती, कपबशा दिसत होत्या. जावयाला तेवढं काही दिसेना. कुणीतरी पुढे केलेल्या हाताऐवजी त्याचा हात हवेत फिरला. तो उठला, त्याचं पाऊल स्टेजच्या कडेबाहेर पडलं आणि तो धाडकन चहाच्या टेबलावर आदळला.

"पडदे उघडा! आधी पडदे उघडा!" विहीणबाई किंचाळल्या.

त्याला फारसं लागलं नव्हतं; तो खाली बसूनच अंग चाचपत होता. विहीणबाईंनी मावशीला खिडकीशी ओढलं. "रागावू नका हो. लहानपणापासून आहे त्याला. दिवस मावळला की दिवा लावूनही नीट दिसत नाही. तीन ठिकाणी खरं सांगितलं, तिन्हीकडून नकार. मग तुमची लेक बघितली. चांगली धडधाकट. म्हटलं, रात्रीची ही सांभाळेल त्याला."

फसवलंत म्हणून मावशीनं भांडावं तर कुठल्या तोंडानं? तिला पहाटेची खोली दिसली, ताठ झालेली पोरगी दिसली, आणि शेजारी अंधारात चाचपडणारा तो. अजून सांगता आलं असतं. विहीणबाई बिचाऱ्या सगळं सांगून मोकळ्या झाल्या होत्या, हिचं दोन वाक्यांचं काम होतं.

पोरगी मागेच येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "सांग ना, आई. आता तरी."

"काय सांगायचंय?" विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली. "दमलीय ती."

पोरगी सासूकडे वळून सावकाश म्हणाली, "मला फिट येतात. पहाटेच्या. तेव्हा शेजारी जागं आणि डोळस माणूस लागतं."

"म्हणजे तुम्हीसुद्धा?" विहीणबाई मावशीला म्हणाल्या.

"इतकं सगळं ठरवलंत ना दोघींनी मिळून," पोरगी म्हणाली, "मग हेही ठरवा. रात्री आम्हाला कोण बघणार?"

ती सांडलेल्या चहातून नवऱ्याकडे गेली आणि त्याला हात देऊन उठवू लागली. दोघी आया खिडकीशीच राहिल्या.