भांडणारी बहीण

परदेशात, बिशान उपनगरात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक सीरियन आंटी राहायच्या. तिकडे सीरियात यादवी पेटलेली. माझा पेपर वाचून झाला की तो मागून न्यायच्या आणि युद्धाच्या बातम्या कापून वहीत चिकटवायच्या. पण ज्यात कुणाचा तरी जीव वाचलाय, अशाच.

एका सकाळी त्यांनी आमचं दार धडाधड वाजवलं. हातात आदल्या दिवशी नेलेला पेपर. अलेप्पोतल्या पावाच्या रांगेच्या फोटोत त्यांची बहीण होती. कित्येक महिने तिचा पत्ता नव्हता.

"बघ, रांगेतसुद्धा भांडतेय! म्हणजे ठणठणीत आहे!" आंटी रडत रडत हसत होत्या.

हे कात्रण त्यांनी वहीत न लावता थेट लिफ्टमध्ये चिकटवलं. एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारे शेजारी विचारू लागले, "ही कुणावर ओरडतेय?"

आंटी प्रत्येकाला नवं भांडण रचून सांगत होत्या.