दसऱ्याला घासलेली किल्ली

मामाजींचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. ते माझे नात्यातले नव्हते; कोहमाऱ्याला त्यांच्या घरातल्या एका खोलीत मी कॉलेजची तीन वर्षं राहिले. तेवढ्या काळात त्यांनी एका ट्रकवाल्याचे दोन दात पाडले. कारण काय, तर तो जुन्या किल्लीने कान कोरत होता. पण इटियाडोहच्या कालव्यावरच्या गावातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच दहावीपुढे गेलेल्या माझ्यासारख्या मुलीला खोली दिली तीही त्यांनीच. मागच्या उन्हाळ्यात ते गेले.

मामाजी जुन्या किल्ल्या जमवत. समोरच्या खोलीत भिंतभर खिळे आणि खिळ्याखिळ्याला किल्ली. मालगुजारांच्या कोठारांच्या वीतभर लांब, पेटाऱ्यांच्या नळीसारख्या पोकळ, पितळी, लोखंडी. त्यांचा नियम साधा होता. लाल गंज दिसला तर घासलेटची चिंधी फिरवायची आणि वरून जवसाच्या तेलाचा हात. काळी पडलेली किल्ली मात्र घासायची नाही. "लाल गंज खाते, पोरी. काळा राखते," ते म्हणत. "पॉलिश म्हंजे जित्या मानसाचं कातडं सोलनं."

एकदा गोंदियाचा भंगारवाला पितळी किल्ली चकचकीत करून घेऊन आला. "देखो मामाजी, सोना लग रही है!"

"सोनं पाह्यजे त सोनाराकडं जा ना बे! किती मानसाचे हात होते हिच्यावर, पुसून टाकले ना तू!" बोलणं संपायच्या आत किल्ली त्याच्या कपाळावर बसली होती. भुवई फाटली. मग मामाजींनीच जखमेत हळद दाबली, चहा पाजला. शिव्या चालूच होत्या.

दुसऱ्या वर्षी माझे काका मला न्यायला आले. लग्न ठरवून आले होते. मी नाही म्हणताच त्यांनी वेणी धरून मला अंगणातून रस्त्यापर्यंत ओढत नेलं. मामाजी कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आले आणि काहीही न विचारता काकांच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. "पोरगी पेपर देल्यावर येईन," मामाजी म्हणाले. "तुले घाई असन त तूच उभा राह्य बोहल्यावर." मी पदवीधर झाले ती त्या दांड्यामुळे. सत्काराच्या भाषणात हे सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

या उपकाराची थोडी फेड करायला गेले आणि चूक करून बसले. शेवटच्या वर्षाचा दसरा होता. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड धुऊन पुजतात. विळे, पावशी, कुऱ्हाड घासून झाली. समोरच्या खोलीच्या दारावर एक किल्ली एकटीच टांगलेली असे. तिच्या दात्यांवर तपकिरी थर होता. मी तो लाल गंज समजले. घासलेटने निघेना, तेव्हा चिंच, राख आणि विटेचा तुकडा घेऊन घासघास घासली. लखलखीत किल्ली हळदकुंकू लावून पाटावर, विळ्याशेजारी ठेवली.

मामाजी आपट्याची पानं घेऊन आले. पाटाकडे पाहिलं. पहिल्याच थपडेत मी भिंतीवर आदळले, ओठ फुटला. दुसऱ्यांदा हात उठला तेव्हा मामीजी मधे पडल्या. त्यांनाही एक बसली. मग मामाजी मोरीपाशी उकिडवे बसले आणि राखेच्या पाण्यात बोटं घालून काहीतरी शोधायला लागले.

माझ्या ओठावर ओली चिंधी धरून मामीजींनी सांगितलं. मामाजींच्या बहिणीला तिच्या नवऱ्याने त्या किल्लीने डोक्यात मारून धानाच्या कोठीत कोंडलं होतं. मामाजींनी त्याची बोटं मोडून किल्ली घेतली, दार उघडलं. ती गार पडली होती. "पोलिसाले किल्ली देली नाही जी यानं. तिचं रगत होतं ना वरतं. देली असती त तो सुटला नसता."

सकाळी मी पेटी घेऊन कोहमाऱ्याच्या चौकात उभी राहिले. परीक्षा महिन्यावर होती. घरी गेले की काका आणि लग्न, हे मला माहीत होतं. तरी त्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं ठरवलं होतं. मामाजी आले.

"कुठी जाऊन राहिली?"

"घरी."

"माफी मांगाले नाही आलो. तुले मारताना माह्या हात पाह्यला मी. माह्या नोहता तो. तिच्या नवऱ्याचा होता." त्यांनी माझं मनगट धरलं. चौकातल्या धाब्यावरचे लोक वळून पाहू लागले. "मार मले. इथंच, सगळ्याइच्या समोर."

"मामाजी, सोडा."

"सोडलं त तू जाशीन. मार!"

मी मारलं. सगळा जोर लावून, उघड्या हाताने. त्यांच्या नाकातून रक्त ओघळून मिशीत आलं. धाब्यावर कोणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मामाजींनी माझी पेटी खांद्यावर घेतली. "चाल. अभ्यास पडला आहे तुह्या."

माझ्या गावाकडे जाणारी अर्जुनीची बस आली तेव्हा आम्ही गल्लीत वळलो होतो.