गंजाला जामीन

अमरावतीत मी बरीच वर्षं घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या. चाळिशी उलटल्यावर अकोल्याच्या एका शाळेत कायमची जागा निघाली. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच संधी, म्हणून अर्ज केला. सोबतच्या दोघी उमेदवार तरुण, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या.

डेमो तासाला तिघींना सातवीचा एकच वर्ग, एकच विषय: बॉरो आणि लेंड. मागच्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष बसलेले, निवृत्त वकील. दोघींनी फळाभर व्याख्या लिहिल्या, तरी मुलं 'बॉरो मी युवर पेन'च म्हणत होती.

मी खडू उचललाच नाही. "माह्या घरी पाहुणे आले अन् घरचं पातेलं लहान, भाजी शिजवाले मोठा गंज नाही. कोणाकडं जाऊ?"

"शेजारच्या काकूकडं!" वर्ग खिदळला.

"मॅडम, इंग्रजीच्या तासात वऱ्हाडी काहून?" अध्यक्षांनी विचारलं.

"इंग्रजी डोक्यात शिरावं म्हणून, सर."

मी आणते ते बॉरो, काकू देते ते लेंड. गंज परत जायचा असतो म्हणून हे शब्द. कायमचा दिला तर ते गिव्ह. बॉरोचं मूळ जुन्या इंग्रजीत तारण, जामीन या अर्थाचं, हेही सांगितलं. "मंग आपण काकूले काय तारण देतो?"

खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "आई रिकामा गंज वापस देत नाही, मॅडम. भाजी नाहीतर साखर तरी टाकते."

"हेच आपलं तारण. ये समोर."

तिच्या मैत्रिणीला काकू केलं. "काकू, कॅन आय बॉरो युवर गंज?"

काकूनं कमरेवर हात ठेवले. "नो! आय विल नॉट लेंड! लास्ट टाइम गंज कम एम्टी!"

वर्ग लोळायचा बाकी राहिला. "पाहुणे आले ना वो काकू!" पहिली कळवळली.

"इंग्लिशमध्ये बोल!" मागून आवाज आला. अध्यक्ष चक्क उभे होते. "लेंड हर, काकू. मी जामीन राहतो."

काकूनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ओके. आय लेंड. बट यू आल्सो कम विथ भाजी!"

सगळ्यात मोठ्यानं अध्यक्षच हसले. घंटा झाली तरी मुलं पाळीपाळीनं काकू होत होती, आणि एकाचंही लेंड चुकत नव्हतं.

दुपारी मुख्याध्यापिकांनी विचारलं, "कधीपासून येता?"

"सोमवारपासून," मी म्हटलं. "घराजवळच्या बडनेऱ्याहून सकाळची गाडी आहे."