आई आणि बाळ एकदम

परळच्या आमच्या प्रसूतिगृहात रोज बाळं येतात आणि मागे काही ना काही सांगण्यासारखं ठेवून जातात. डबा उघडला की आम्हा बायकांचं तेच सुरू होतं.

मी तिथे कॉम्प्युटरवर एन्ट्री करते. शिक्षण सातवी, वर एका क्लासमध्ये टायपिंग. संपानंतर नवऱ्याची गिरणी काही नीट चालली नाही, शेवटी बंदच पडली. घरी लहान मुलगी. नोकरी मिळाली तीही तात्पुरती. प्रोग्राम लिहिणाऱ्या परब सरांनी बजावलं होतं, "काम नीट जमलं तरच कायम."

आईची नोंद वेगळी, बाळाची वेगळी. आधी आई, मग तिच्या नंबराखाली बाळ. एकदा आई घातली आणि लाइट गेली. मला वाटलं सगळंच पुसलं, म्हणून आईला पुन्हा घातलं आणि तिच्याखाली बाळ. संध्याकाळी सिस्टर चिडून खाली आल्या. यादीत एकाच नावाच्या दोन बाया, एकीला बाळ, एकीला नाही.

"दुसरी मला वॉर्डात सापडत नाही. तूच वर येऊन दाखव."

एकदा घाईत बाळ आधी घालायला गेले. मशीन घेईचना, आईचा नंबर मागत राहिलं. शेजारच्या कदमबाई म्हणाल्या, "आमच्या चाळीपेक्षा चौकस आहे गं हे."

मग सरांनी प्रोग्राममध्ये ट्रान्झॅक्शन घातलं. दोन्ही नोंदी पूर्ण झाल्या तरच पक्क्या. मध्येच काही बिघडलं तर दोन्ही रद्द, जणू घातल्याच नाहीत.

मला ते फारच पटलं. पुढची बाई कळा सुरू होऊन आली तेव्हाच तिचं नाव घालून ठेवलं. म्हटलं, बाळ झालं की दोघांना एकदम पक्कं करू. बाळाने वेळ घेतला. तोवर केसपेपरच्या खिडकीवरचं मशीन अडकलं, औषधांचंही अडकलं. माझी नोंद सुटल्याशिवाय कुणाचीच पुढे सरकेना. सर धावत आले.

"अहो, बाळ जन्मल्यावर सुरू करा. मिनिटभराचं काम ते."

"पण सर, तोवर तिला एकटीला कशी ठेवू?"

घरीही मी हेच पुराण सांगायची. एकदा नवरा बालवाडीतून हात हलवत आला. मुलगी कुठे विचारलं, तर म्हणतो, "तिचा डबा सापडेना. अर्धवट काही आणायचं नाही ना? तिला बाईंकडे ठेवून आलो." मी तशीच पळाले.

शेवटी सर परीक्षा घ्यायला बसले. लालबागच्या एका सुनेला मुलगा झाला होता. तिची मालवणी सासू काउंटरवरून वाकून बघत होती. मी सुनेचं नाव घातलं, बाळाचं घालत होते, तोच सरांनी मुद्दाम प्लग उपटला.

पुन्हा सुरू करून पाहिलं. आई नाही, बाळ नाही. स्क्रीन स्वच्छ. सर खूश. "आता दोघांना पुन्हा एकदम घाला. सोमवारपासून तुम्ही कायम," म्हणाले.

मी वर पाहिलं तर सासूबाई जागेवर नव्हत्या. थोड्या वेळाने जिन्यावरून उतरल्या. एका हाताने सुनेला धरलेलं, दुसऱ्या हातावर बाळ. दोघांना माझ्या मशीनसमोर उभं केलं.

"घे गो बाय, दोघांकय हाडलंय. आता एकदम घाल."