सर्वांत चांगल्या दिवसाचे वजन

मंगळवार, ३ डिसेंबर २०२४, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या तलाठी कार्यालयात मी आईच्या शेजारी उभी होते. वडिलांचे अपंगत्वाचे अनुदान चालू राहण्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाचा नवा दाखला हवा होता. गवंडीकाम करणारे वडील तीन वर्षांपूर्वी परांचीवरून पडले. तेव्हापासून त्यांच्या कमरेखाली संवेदना नाही. लघवीच्या पिशव्या आणि मलम त्या अनुदानातून येत. आई त्यांची शुश्रूषा करते. त्या हंगामात प्रथमच ती कापूस वेचायला जाऊ लागली होती.

"काकू, दिवसाचा किती वेचता?" तलाठ्यांनी विचारले.

"शेचाळीस किलो! पुसा कोनाले बी."

त्यांनी शेचाळीसला किलोच्या दराने गुणले, मग तीसने, मग बाराने. आकडा अनुदानाच्या उत्पन्नमर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेला.

आईने खोटे सांगितले नव्हते. वेचणाऱ्या बायकांना किती वेचते असे विचारले की त्या सर्वांत चांगल्या दिवसाचे वजन सांगतात; सरासरी कोणी सांगत नाही. शिवाय वेचणी वर्षभर नसते. दुसरी चूक तलाठ्यांनी लगेच मान्य केली. पहिलीसाठी मात्र त्यांना आईचा जबाब आणि एका साक्षीदाराची सही हवी होती.

संध्याकाळी मी शेतमालकाची वजनाची वही उतरवून घेतली. चोवीस दिवस, एकूण ४९७ किलो, सरासरी २०.७. चाळीसच्या वर फक्त दोन नोंदी होत्या : ९ आणि १० नोव्हेंबर. उरलेले सर्व दिवस पंधरा ते बावीसच्या दरम्यान. मी दोन्ही तारखा पुन्हा तपासल्या. तो शनिवार-रविवार मी यवतमाळच्या वसतिगृहातून घरी आले होते. वडिलांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ते काम त्या दोन दिवशी माझ्याकडे होते. एरवी शेजारच्या काकू दुपारपर्यंत बघतात आणि बारा वाजता आई शेतातून निघते.

"वीस किलो लिहून देऊ?" आई म्हणाली. "साऱ्या बायाइत मी कामचुकार, असं कागदावर? शिकली म्हणून मायी इज्जत काट्यावर ठेवतं काय?"

"अनुदान बंद झालं तर पिशव्या कशातून आणायच्या?"

वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते.

बुधवारी तिच्यासोबत वेचणारी मावशी साक्षीदार म्हणून आली. आई पेन हातात धरून थांबली, तेव्हा मावशी म्हणाली, "कर ना वो सही. बारा वाजले का तू पळतं, साऱ्याइले माहीत हाये. आमाले वाटलं कापूस चावते तुले!"

आई हसली. मग सही केली. तलाठ्यांनी वहीची प्रत जोडून अहवाल दुरुस्त केला. नवा आकडा मर्यादेच्या आत होता.

गुरुवारी सकाळच्या बसने मी परतणार होते. प्रात्यक्षिक होते आणि वर्गातला पहिला क्रमांक मला सोडायचा नव्हता. मी गेले नाही. आईला पूर्ण दिवसासाठी शेतात पाठवले. सात वाजता डावी कूस, नऊला उजवी, अकराला पुन्हा डावी. पाच वाजेपर्यंत माझ्या वहीत सहा नोंदी.

दिवेलागणीला आई आली. पायही न धुता तिने विचारले, "तुया वहीत आजचा बी लिहितं का?"

"लिहिते."

"सरासरी वाढन ना मंग?"

"थोडी वाढेल. तरी मर्यादेच्या आत राहील."

"मंग लिही," ती म्हणाली आणि वजन सांगितले.

५ डिसेंबर : ४७.५ किलो.