टोमॅटोचा रस पिणारा व्हॅम्पायर

आईचं डायलिसिस सुरू होऊन आता दीड वर्ष होऊन गेलं. आठवड्यातून तीनदा मी बाळकुमहून वर्तकनगरला तिच्या घरी येते, तिला जिने उतरवते, रिक्षात घालते आणि सेंटरला नेते. चार तास ती मशीनला जोडलेली असते आणि मी शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीला. तिचं रक्त एका नळीतून बाहेर जातं आणि साफ होऊन दुसरीतून परत येतं. माझी अशी काही सोय नाही. मी दमलेली जाते आणि थोडी जास्त दमून परत येते.

चार तास करायचं काय, हा सुरुवातीला मोठाच प्रश्न होता. कीर्तन लावलं तर ती म्हणायची, मी अजून मेले नाहीये. बातम्या लावल्या की बीपी वाढायचं. सासू-सुनांच्या मालिकांचा तिला मुळातच तिटकारा. एका दुपारी टॅबमध्ये दुसरं काहीच उतरवलेलं नव्हतं, म्हणून मी माझंच लावलं. माझं म्हणजे एक जपानी कार्टून. पोरं त्याला अ‍ॅनिमे म्हणतात. शेहेचाळिसाव्या वर्षी मी हे बघते, हे मी ऑफिसात कुणाला सांगत नाही. दिवसभराची कामं आटपली की मला अशा जगात जायला बरं वाटतं, जिथे भुतंसुद्धा एकमेकांशी नीट बोलतात आणि कुठलीही अडचण वीस मिनिटांत सुटते.

गोष्ट अगदी साधी. डोंगरातलं एक जुनं वसतिगृह आणि त्यात राहणारी भुतं. एकडोळ्या राक्षस, मान हवी तेवढी लांब करणारी एक बाई आणि एक व्हॅम्पायर. या व्हॅम्पायरला रक्त बघितलं की चक्कर येते, म्हणून तो टोमॅटोचा रस पितो.

"म्हणजे हा मुंजा का?" आईने विचारलं.

"मुंजा नाही गं. व्हॅम्पायर. रक्त पितो."

"लग्न झालंय का त्याचं?"

"नाही."

"मग मुंजाच."

स्क्रीनवरची बारीक इंग्रजी अक्षरं तिला दिसत नाहीत, म्हणून मी हळू आवाजात मराठीत सांगत जायचे. सरकारी कचेरीत तिने जन्मभर दुसऱ्यांचे मसुदे तपासले, त्यामुळे मध्येमध्ये माझी मराठी सुधारायची. लांब मानेची बाई दुसऱ्यांच्या खिडक्यांत डोकावायला लागली की म्हणायची, ही आमच्या सोसायटीत कशी नाही? व्हॅम्पायरचं नाव तिने दातवाला ठेवलं. एकदा आपल्या हातातल्या लाल नळीकडे बघत म्हणाली, "मेला इथे आला असता तर दारातच आडवा झाला असता." शेजारच्या बेडवरचे गृहस्थ इतके हसले की त्यांचा हात हलून मशीन बोंबलायला लागलं आणि सिस्टर आम्हालाच रागावली.

किडनी गेलेल्या माणसाला टोमॅटो वर्ज्य. त्याने पोटॅशियम वाढतं. केळं नाही, शहाळं नाही, पाणीसुद्धा मापात. हे तिला तोंडपाठ होतं. तरी एका रविवारी, मी येणार नव्हते त्या दिवशी, तिने भाजीवाल्याकडून टोमॅटो मागवले, तुपाजिऱ्याची फोडणी देऊन सार केलं आणि दोन वाट्या प्यायली. सोमवारी सकाळी तिच्या पायांत जीव उरला नव्हता, छातीत धडधडत होतं. शेजारच्या काकूंनी मला फोन केला. मग हॉस्पिटल, धावपळ, तातडीचं डायलिसिस. ती शुद्धीत आहे, धोका टळलाय, हे कळल्याबरोबर माझा तोल गेला.

"अगं, तुला कळत नाही का? कार्टून बघून कुणी सार करतं?"

"तो रोज पितो," ती म्हणाली. "मला वाटलं, आपण एक दिवस प्यावं."

मी बाहेर जाऊन उभी राहिले.

घरी आल्यावर दोन दिवसांनी तिने शांतपणे सांगितलं, "आता पुरे. मला नाही जायचं तिथे."

"बंद केलं तर काय होतं माहितीये ना?"

"मी डॉक्टरांना विचारलंय. सगळं माहितीये." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, बहुधा दया येऊन, म्हणाली, "त्या दातवाल्याचं काय होतं तेवढं बघते. ते संपलं की थांबायचं. तोवर येते."

पाच भाग उरले होते.

मी ते पुरवून पुरवून लावायला लागले. एका वेळी एकच भाग. मध्येच थांबवून चहाला जायचे, मागचं पुन्हा सांगत बसायचे. एका दुपारी त्या खुर्चीत बसून माझ्या मनात आलं, खरंच थांबलं तर मलाही झोप मिळेल. त्या विचाराचा मला इतका संताप आला की परतताना काही कारण नसताना मी रिक्षावाल्याशी भांडले.

शेवटच्या भागाच्या दिवशी मी एक थाप तयार ठेवली होती. सांगायचं, दुसरा सीझन आहे, लवकरच येतोय. तसं काही कुठेच जाहीर झालेलं नव्हतं.

त्या भागात दातवाल्याला एक औषध मिळतं. ते घेतलं की तो माणूस होणार, उन्हात फिरणार, सगळ्यांसारखा म्हातारा होऊन सुटणार. सगळी भुतं रडत त्याला निरोप द्यायला जमतात. तो बाटली उघडतो, हुंगतो आणि पुन्हा बूच लावून फळीवर ठेवून देतो. म्हणतो, उद्या स्वयंपाकाची पाळी माझी आहे, आणि एकडोळ्याला मिठाचा अंदाज नाही. मग गाणं लागतं.

"एवढंच?" आईने विचारलं.

"एवढंच."

"पुढे?"

थाप अगदी ओठांवर होती. पण खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं, आणि त्या दुपारी माझ्यात ते नव्हतं.

"पुढे काही नाही, आई. संपलं."

ती स्क्रीनवरून सरकणारी जपानी नावं बघत राहिली. मी खाली फरशीकडे बघत होते आणि रडत होते. शेजारच्या गृहस्थांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मशीन आपलं चालूच होतं.

"पहिल्यापासून लाव," आई म्हणाली.

"काय?"

"पहिल्यापासून. सुरुवातीचे भाग मी चिडूनच बघितले, डोक्यात काही शिरलंच नाही. ती लांब मानेची आधीपासून तिथे राहते की मागाहून आली?"

डोळे पुसत मी टॅब हातात घेतला. दोनदा भलताच भाग लागला. तिसऱ्यांदा पहिला लागला आणि ते जुनं वसतिगृह पुन्हा दिसायला लागलं.

"आणि शनिवारी उशीर करू नकोस," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "मागच्या वेळी मी केव्हाची चपला घालून दारात उभी होते."