शेजारच्या आजोबांची प्रार्थना

नवऱ्याच्या नोकरीमागे आम्ही लाफायेतला आलो, तेव्हा जर्सी सिटीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, "लुईझियाना? तिथे कोण राहतं यार?" तिथे आमच्या शेजारचे आजोबा राहत होते.

आजोबा केजन. त्यांचे पूर्वज मूळचे फ्रेंच, कॅनडाच्या किनाऱ्यावर शेती करणारे. इंग्रजांनी त्यांना हुसकावलं आणि फिरत फिरत ती माणसं इथल्या पाणथळीत येऊन वसली. भाषा मात्र सोडली नाही. ती सुटली आजोबांच्या शाळेत. वर्गात फ्रेंच शब्द निघाला की गुडघ्यांवर बसवायचे. पुढे आजोबांनी स्वतःच्या मुलांशी फ्रेंचमध्ये अवाक्षर काढलं नाही. "मूर्खपणा केला," असं ते मला इंग्रजीत सांगायचे.

भाजलं, चामखीळ आली, की लोक त्यांच्याकडे यायचे. ते हात ठेवून फ्रेंचमध्ये एक प्रार्थना पुटपुटत. आभार मानायचे नाहीत, मानले तर गुण येत नाही. उठता-बसता थँक्यू म्हणायची सवय लागलेली मी तिथे जीभ आवरून उभी असायचे.

प्रार्थना गुप्त. ती दुसऱ्याला दिली की देणाऱ्याच्या हातचा गुण जातो, अशी त्यांच्या घरची समजूत. इंग्रजीत ती चालत नाही, आणि नातवंडांना फ्रेंच येत नाही. आजोबा ऐंशीच्या पुढे गेलेले. आपल्याबरोबरच ती जाणार, या विचाराने ते हवालदिल व्हायचे.

माझी मुलगी इथल्या फ्रेंच माध्यमाच्या शाळेत जाते. मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, फोनवर माझ्या आईशी "बरी आहेस?"च्या पुढे तिची गाडी जात नाही. आजोबांशी मात्र फ्रेंचमध्ये तासन् तास गप्पा. एका दुपारी आजोबांनी तिला प्रार्थना द्यायची संकोचत माझ्याकडे परवानगी मागितली. मी हो म्हटलं. दोघं व्हरांड्यात डोक्याला डोकं लावून बसली आणि मी खिडकीतून बघत राहिले. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला.

आठवड्याने एक बाई भाजलेला हात घेऊन आजोबांकडे आली. ते तिला आमच्याकडे घेऊन आले. आमच्या जेवणाच्या टेबलाशी माझ्या मुलीने तो हात धरला आणि एकदाही न अडखळता प्रार्थना पुटपुटली. दारात उभ्या आजोबांचे डोळे भरून आले होते.

ती दोघं निघून गेल्यावर मी मुलीला हळूच म्हटलं, "मलाही शिकव ना गं. कुणाला नाही सांगणार."

"आय कान्ट, आई. इट ओन्ली गोज टू समवन यंगर."

नियम म्हणजे नियम. माझ्याकडेही आईकडून आलेलं कितीतरी आहे. पण आमच्या घरात माझ्याहून लहान ही एकटीच आहे, आणि तिने अजून काही मागितलेलं नाही.